चार बरण्या आणि आईचे गुडघे

माझ्या बायकोला माझ्या बँकेचा पासवर्ड माहीत आहे, माझं कोलेस्टेरॉल माहीत आहे, कॉलेजात मी कोणावर मरत होतो तेही माहीत आहे. हे मात्र तिला माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. एकदा एका मित्रासमोर अगदी जिभेवर आलं होतं — तर मी मधेच उठून दुसरा चहा सांगितला. घडलं त्याला वीस वर्षं झाली असतील. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असा माझा हिशेब होता. बसल्यावर कळतंय, तसं काही नाही.

गांजापासून सुरुवात करतो. घाबरू नका, कबुली त्याची नाही. गांजा ओढत होतो हे सांगायला मला आता फारसं काही वाटत नाही. तेव्हा माझ्याबरोबर ओढणारे सगळे आज पहाटे उठून मॅरेथॉन धावतात आणि मुलांना साखर खाऊ देत नाहीत. पण गांजा बाजूला ठेवून ही गोष्ट सांगता येत नाही. मी सांगून बघितली आहे — मनातल्या मनात, कितीदा तरी.

मी यवतमाळकडचा. इंजिनिअरिंग झालं आणि त्या काळात सगळे जिथे येत होते तिथे आलो, पुण्याला. नोकरी हिंजवडीत. खोली धायरीत, कारण कंपनीची बस सिंहगड रस्त्यावरून जायची. तेव्हा धायरीत एका बाजूला कांदा-लसणाचे वाफे होते आणि दुसऱ्या बाजूला वन बीएचकेचे फलक. आमची बिल्डिंगही अशाच एका शेतात उभी राहिलेली. शेत तात्यांचं, बिल्डिंग त्यांच्या मुलाची, दत्ताशेठची. दत्ताशेठ गळ्यात साखळी घालून जीपमधून हिंडायचा. तात्या बिल्डिंगच्या मागे उरलेल्या जुन्या गोठ्यात दिवस काढायचे. गोठ्यात जनावर एकही नव्हतं, तरी रोज सकाळी तो झाडून काढायचे.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे मी दोन रोपं लावली होती. गावाकडून आलेल्या एका पुडीतल्या बिया, सहज कुंडीत टाकलेल्या. उगवणं सोपं असतं हो. वाळवणं अवघड. पहिल्या वर्षी आई कुरडया वाळवते तसा मी तो जुन्या धोतरावर पसरून उन्हात वाळवला. दोन दिवसांत कडक. वास सगळा गवताचा, आणि धूर असा की घसा सोलून निघाला. दुसऱ्या वर्षी जास्त शहाणपणा केला. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून कपाटात ठेवला. आठ दिवसांनी उघडला तर पांढरी बुरशी. मग ऑफिसात, मागे कोणी नाही असं बघून, मी कॉम्प्युटरवर परदेशातल्या लोकांचे उपदेश वाचू लागलो. आमच्याकडच्या बायका लोणच्याबद्दल बोलतात तसे ते लोक त्याबद्दल बोलायचे. अंधार हवा, खेळती हवा हवी, घाई नको. आणि वाळला की बरणीत भरून मुरवायचा. सगळं समजलं. जागा तेवढी नव्हती.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, तात्या टाकीचा वॉल्व्ह बघायला वर आले आणि सरळ रोपांसमोर जाऊन उभे राहिले. एक पान खुडलं. बोटांत चुरून वास घेतला. मग म्हणाले, “वळखलं म्या.”

माझी तर पाचावर धारण बसली. आणि तोंडातून निघालं ते असं — आईचे गुडघे. आईला वाताचा फार त्रास आहे, गावाकडच्या वैद्यांनी सांगितलंय, तेलात उकळून लावायचं. कुठून सुचलं असेल? माझी आई तेव्हा पन्नाशीची, अंगणवाडीत काम करणारी, रोज दोन मैल चालून जायची आणि येताना डोक्यावर सरपण आणायची. तिच्या गुडघ्यांनी तोवर कधी कुरकुर केली नव्हती.

तात्यांनी हातातलं पान खाली टाकलं नाही. मुठीतच ठेवलं. म्हणाले, आईसाठी आहे म्हणून. नाहीतर आत्ता उपटून फेकलं असतं. आणि मग विचारलं, हे वाळवणार कुठे? मी तिथेच गच्चीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की इंजिनिअरिंगची चार वर्षं वाया गेल्यासारखं वाटलं.

असा माझा गांजा त्यांच्या गोठ्यात गेला. आत उजवीकडे आढ्याला त्यांच्या लसणाच्या वेण्या लटकलेल्या असायच्या, खाली तोंड करून. तशाच माझ्या फांद्या बांधल्या, पण डावीकडच्या कोपऱ्यात. कारण उजवीकडे माळ्यावर, पांढऱ्या कापडात गुंडाळून, भैरोबाच्या पालखीचे दांडे ठेवलेले होते. ते वर्षभर तात्यांकडेच असायचे. पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्या दांड्यांच्या बाजूला माझी फांदी नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

दहा-बारा दिवस तात्या रोज सकाळी एक काडी हातात घेऊन हलकेच वाकवून बघायचे. पाला लवकर वाळतो, त्याच्यावर जायचं नाही. काडीला विचारायचं, असं म्हणायचे. वाकली तर अजून आत ओल आहे. मी बसला उशीर होतोय म्हणून धावत असायचो आणि ते लांबून हाताने सांगायचे — आज नाही. एके दिवशी हाक मारून बोलावलं आणि माझ्यासमोर काडी मोडली. कट् असा बारीक आवाज आला. ते असे हसले, जणू त्यांच्याच शेतातलं पीक आलं होतं.

पानं खुडायला आम्ही दोघं बसलो, त्या रविवारी त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं. जवानीत तेही ओढायचे, देवळामागे, चिलीम. एका जत्रेला ओढून पालखीखाली गेले. पाय लटपटले, दांडा खांद्यावरून निसटला, आणि देवाची पालखी जमिनीला टेकली. गावाने मान काढून भावकीला दिला. तात्यांनी देवापुढे बेलभंडार उचलून पुन्हा न ओढण्याची शपथ घेतली, आणि मग बारा वर्षं वाट बघितली. बारा वर्षांनी गावाने मान परत दिला. हे सांगताना त्यांचा हात उजव्या खांद्यावर होता. मला हे सगळं माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा. पुढचं मी अजाणतेपणी केलेलं नाही.

मंडईजवळच्या एका दुकानातून मी चार काचेच्या बरण्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, कशाला? मी म्हटलं, लिंबाच्या लोणच्याला. तो म्हणाला, लोणच्याला चिनीमातीची नेतात, पण तुम्ही न्या, तुम्हाला काय कळणार. पाऊण-पाऊण भरल्या. आता खरं काम — पहिले दोन-तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं झाकण उघडायचं, आतला दमट वारा बाहेर जाऊ द्यायचा, वास घेऊन बघायचा. उग्र, नाकात जाणारा वास आला की समजायचं, आत कुजतंय. मग जास्त वेळ उघडं ठेवायचं. नीट मुरत असेल तर गवताचा वास हळूहळू मरतो आणि काहीतरी गोडसर येतं.

आणि चौथ्याच दिवशी कंपनीने मला ट्रेनिंगला बंगळूरला पाठवलं. दहा दिवस.

तात्यांना बरण्यांचं सगळं समजावून दिलं. ते घड्याळ वापरत नसत. म्हणाले, मारुतीला तेल घालून आलो की उघडीन आणि दत्ताच्या पोरी शाळेतून आल्या की उघडीन. आईचं औषध बिघडू देणार नाही. हे त्यांचे शब्द. आणि मी काय केलं? ते वळल्यावर प्रत्येक बरणीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि आतला माल जिथवर होता तिथे पेनाने बारीक रेघ मारली. म्हातारा जुना ओढणारा, चिमूट-चिमूट काढून घेतला तर? सांगतोय ना सगळं. हेही सांगितलंच पाहिजे.

दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी बॅग खांद्यावर घेऊन आत शिरलो. गोठ्यासमोर दत्ताशेठ उभा होता, शेजारी देवळाचे दोन पंच. ओट्यावर माझ्या चार बरण्या मांडलेल्या. आणि तात्या खाली, पायरीवर बसलेले. मला बघून उठले. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला — आला बाबा एकदाचा.

झालं होतं असं की चैत्रातल्या जत्रेच्या आधी पालखीच्या दांड्यांना डागडुजी करायची म्हणून पंच ते बघायला आदल्या संध्याकाळी गोठ्यात आले, दत्ताशेठला घेऊन. आत तात्या बसलेले, मांडीवर बरणी, आणि नाक बरणीत. मीच तर सांगितलं होतं, वास घेऊन बघा म्हणून. वर कापडातले देवाचे दांडे, खाली गांजा हुंगणारा म्हातारा. त्यांना दुसरं काय वाटणार? तात्या एवढंच म्हणाले होते की ते इंजनेरच्या आईचं औषध आहे, तो उद्या येतोय, त्याला विचारा. म्हणून सगळे माझी वाट बघत थांबले होते.

दत्ताशेठने मला अगदी आदबीने विचारलं. “साहेब, तात्या म्हणत्यात बरण्या तुमच्या हायेत. खरं हाय का?”

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं ते मी कितीदा मांडून बघितलंय. दोन महिन्यांवर व्हिसाची मुलाखत होती. पोलीस आले तर? कंपनीला कळलं तर? बाप गेल्यावर आईने मला कसं शिकवलं — हेही आलं, निर्लज्जासारखं, आईला पुढे करण्याची सवयच लागली होती ना. हे सगळं खरं आहे. पण ते नंतर जुळवलेलं आहे. त्या क्षणी खरं तर काहीच आलं नाही. फक्त भीती वाटली आणि तोंड उघडलं.

“नाही हो,” मी म्हणालो. “माझ्या कशाला असतील?”

इथेच थांबलो असतो तर — तर काय? तरी वाईटच होतं. पण मग मी आज स्वतःला भित्रा म्हणून मोकळा झालो असतो. भित्री माणसं काय कमी आहेत? मी शेपूट घातली, झालं. पण मी इथे थांबलो नाही. वीस वर्षं मी स्वतःलाही ही गोष्ट सांगताना इथवरच सांगत आलोय. पुढचं वाक्य गाळत आलोय.

पंचांपैकी एक जण माझ्याकडे नीट बघत होता. त्याचा विश्वास बसला नव्हता. म्हणून मी वर म्हणालो — शांतपणे, थोडं वाईट वाटल्यासारखा चेहरा करून — “तात्यांनीच मला मागे एकदा विचारलं होतं, तुमच्या भागात माल मिळतो का म्हणून. मी हसण्यावारी नेलं.”

हे वाक्य. कोणी विचारलंही नव्हतं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काडी हातात घेऊन वाकवताना बघायचे ना, तसं. मग त्यांनी मान खाली घातली. मी ओट्याकडे बघितलं, कारण त्यांच्याकडे बघवेना. चारही बरण्यांवरच्या माझ्या रेघा तिथेच होत्या, आणि माल रेघेला लागून होता. चारही बरण्यांत. चिमूटभरही कमी नाही. त्या रेघांचा अर्थ त्या अंगणात मला एकट्यालाच माहीत होता.

पंच वाईट माणसं नव्हती. त्यांनी तात्यांना वाट दिली. म्हणाले, देवळात चला, बेलभंडार उचला आणि सांगा की ओढला नाही; आमचा तुमच्यावर विश्वास आहे. तात्या उभे राहिले. धोतराला लागलेली माती झटकली.

“म्या एकदा उचललाय,” ते म्हणाले. “द्येवाला दोनदा सांगाया लागत न्हाई.”

आणि आत गेले. लोकांनी त्याचा अर्थ काय लावायचा तो लावला — उचलायला घाबरला. दत्ताशेठने बरण्या उकिरड्यावर उपड्या केल्या आणि काडी लावली. सगळ्या बिल्डिंगभर वास पसरला. मी वर खोलीत खिडकी लावून बसलो होतो, तरी आला. फार सुरेख मुरला होता हो. गवताचा वास औषधालाही उरला नव्हता.

नंतरचं पटपट सांगतो, नाहीतर मी त्यातही स्वतःला चांगलं दाखवायला लागेन. मान पुन्हा भावकीकडे गेला. दांडे त्यांच्या घरी गेले. दत्ताशेठ बापाशी बोलायचा बंद झाला. गावात त्याची मान खाली गेली होती, आणि गोठा पाडायला त्याला निमित्तच हवं होतं. तिथे गाळे झाले. तात्यांना जिन्याखालची खोली मिळाली. नातींना आजोबांकडे पाठवायचं दत्ताशेठच्या बायकोने बंद केलं. मी जत्रेला गेलो होतो, कारण गेलो नसतो तर दिसून आलं असतं. तात्या शाळेच्या भिंतीला टेकून उभे होते. पालखी समोरून गेली तेव्हा त्यांचा उजवा खांदा आपोआप थोडा वर उचलला गेला. मी बघितलं, आणि दुसरीकडे बघू लागलो.

मी खोली का सोडली नाही? भाडं कमी होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

व्हिसा मिळाला. मे महिन्यात मला निरोप द्यायला आई आली. इतक्या महिन्यांत तात्या माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मीही जिन्यावरून चपला हातात घेऊन उतरायचो. त्या दिवशी दुपारी रिक्षातून उतरलो तेव्हा ते आपल्या खोलीच्या दारात बसले होते. आईने दोन पिशव्या उचलल्या आणि माझ्या आधी जिना चढू लागली. एकेक पायरी गाळून. तिला तशीच सवय.

तात्या उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला विचारलं, “ताई, गुडघं कसं हायेत आता?”

आई अर्ध्या जिन्यात थांबली. हसली. “माह्या गुडघ्यांले काय झालं जी? चांगली धडधाकट आहो मी.”

तेव्हा मला कळलं — तोवर त्यांना वाटत होतं की पोरगं घाबरलं, पण औषध खरं होतं. एका आईच्या दुखण्यासाठी आपण ते केलं, एवढं तरी त्यांच्यापाशी होतं. आपल्या देवासमोर सांगायला तेवढं होतं. तेही मी काढून घेतलं, आणि आईच्या तोंडून.

“बरं हाय मग,” तात्या म्हणाले. “बरं हाय.” खोलीत गेले, बाहेर आले तेव्हा हातात लसणाची एक वेणी होती. वातावर लसूण चांगला म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली असणार. क्षणभर ती हातात धरून उभे राहिले. मग आईला दिली. खायला घ्या, म्हणाले, आपल्या शेतातला शेवटचा आहे.

आई यवतमाळला गेल्यावरही फोनवर विचारायची, त्या लसूणवाल्या तात्यांचं कसं चाललंय? मी अमेरिकेतून म्हणायचो, मजेत आहेत. ते गेल्याचं मला तीन वर्षांनी, परत आल्यावर, एका जुन्या शेजाऱ्याकडून कळलं. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिचे गुडघे आता खरंच दुखतात.

दत्ताशेठ आहे. त्याच्या गाळ्यांवरून मी महिन्यातून एकदा तरी जातो. तो बाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो, केस पांढरे झालेत, तात्यांसारखाच दिसायला लागलाय. मी काच खाली करत नाही. त्याने विचारलं होतं तेव्हा द्यायचं होतं ते उत्तर एवढंच होतं —

हो दत्ताशेठ, बरण्या माझ्या आहेत. तात्यांनी चिमूटभरही घेतलेला नाही, रेघ बघा.